हाताला जोर आहे, पण खबर नाही
(मेंदूच्या संवेदी भागाला इजा झाली की हालचाली का बिघडतात?)



आपल्या आदिलाबाद भागात कोणी लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू म्हणतात, आपले तेलुगू शेजारी पक्षवातम् म्हणतात. नावे निराळी असली तरी आजार एकच आणि तो गावोगाव माहीत आहे. हात उचलेनासा झाला, पाय ओढू लागला, तोंड वाकडे झाले, की माणूस आजारी असल्याचे सर्वांना पटते.

परंतु काही रुग्ण असेही असतात, की त्यांचा हात वर उठतो, मूठ वळते, डॉक्टरांचे बोट ते चांगले घट्ट दाबून दाखवतात. तरीही त्याच हाताने सदऱ्याची गुंडी लागत नाही, हातातला पेला निसटतो आणि भाकरीचा घास तोंडापर्यंत नीट जात नाही. घरची माणसे बुचकळ्यात पडतात. "हाताला जोर तर आहे, मग काम का करत नाही?" असा प्रश्न पडतो. पुढे पुढे "आळस करतात", "मुद्दाम करतात", "मनावर घेत नाहीत" असे बोलही ऐकू येतात. बिचाऱ्या रुग्णाला स्वतःलाही काय होते आहे ते सांगता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाजवळ आहे आणि ते प्रत्येक घराला माहीत असावे असे आहे. ते उत्तर थोडक्यात असे : हालचाल करण्यासाठी नुसता हुकूम पुरत नाही, हुकमाचे पुढे काय झाले याची खबरही परत यावी लागते. ती खबर बंद पडली, तर धडधाकट स्नायूही निरुपयोगी ठरू शकतात.

मेंदूतील दोन शेजारी

आपला मोठा मेंदू दोन अर्धगोलांचा असतो. डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू सांभाळतो आणि उजवा अर्धगोल डावी बाजू. प्रत्येक अर्धगोलावर साधारण मधोमध, डोक्याच्या वरून कानाच्या दिशेने उतरणारी एक खाच असते. या खाचेच्या पुढच्या पट्ट्याला प्रेरक क्षेत्र म्हणतात. स्नायूंना हुकूम देण्याचे मुख्य काम हा पट्टा करतो. खाचेच्या मागच्या पट्ट्याला संवेदी क्षेत्र म्हणतात. त्वचा, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणारी खबर येथे पोहोचते.

कॅनडातील माँट्रियल शहरी डॉ. वाइल्डर पेनफिल्ड हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. त्यामुळे रुग्ण जागा असताना, फक्त डोक्याची कातडी बधिर करून ते शस्त्रक्रिया करीत. मेंदूच्या एकेका ठिकाणी अगदी सौम्य विद्युत्प्रवाह देऊन ते रुग्णाला काय वाटले ते विचारीत. पुढच्या पट्ट्याला स्पर्श केला की बहुधा बोट किंवा ओठ हलत असे. मागच्या पट्ट्याला स्पर्श केला की रुग्ण सांगे, "अंगठ्याला मुंग्या आल्या." अशा नोंदींवरून पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी बोल्ड्री यांनी १९३७ साली मेंदूवरील शरीराचा नकाशा प्रसिद्ध केला. या नकाशात सबंध पाठीला थोडीशी जागा आहे, तर बोटांना आणि ओठांना फार मोठी. ज्या अवयवाचे काम जितके नाजूक, तितकी त्याच्यासाठी मेंदूत जागा अधिक.

हे दोन पट्टे शेजारी आहेत ते उगाच नव्हे. त्यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते. इतकेच नव्हे, तर मेंदूतून मेरुरज्जूकडे उतरणाऱ्या तंतूंपैकी बरेच तंतू मागच्या संवेदी भागातूनही निघतात. म्हणजे "पुढचा पट्टा हलवतो आणि मागचा फक्त ऐकतो" अशी सरळ वाटणी नाही. हालचाल ही दोघांची मिळून आहे.

पऱ्हाटीतला हात

आपल्या जिल्ह्यात कापूस वेचणारा हात सर्वांनी पाहिला आहे. वेचणारी बाई शेजारणीशी बोलत असते, नजर पुढच्या झाडावर असते आणि बोटे मात्र फुटलेल्या बोंडात बरोबर शिरतात. वाळलेल्या बोंडाची टोके टोचतात, म्हणून बोटे वळसा घालून आत जातात. कापूस किती ओढला म्हणजे सुटतो, किती ओढला म्हणजे फांदीच मोडते, हे बोटांनाच ठाऊक असते. भाकरी थापणाऱ्या तळहाताला पीठ कुठे जाड राहिले ते डोळ्यांच्या आधी कळते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील उशेगावचे ओझा कारागीर डोकरा कलेच्या मूर्ती घडवताना मेणाचा बारीक धागा साच्यावर गुंडाळतात. त्या धाग्यावरचा दाबही बोटांच्या जाणिवेनेच ठरतो.

या जाणिवेत दोन गोष्टी येतात. पहिली स्पर्शाची : वस्तू गुळगुळीत आहे की खरबरीत, घट्ट धरली आहे की निसटते आहे. दुसरी आपल्या अंगाच्या स्थितीची : डोळे मिटले तरी माझा हात कुठे आहे, कोपर किती वाकले आहे, हे आपल्याला कळते. ही खबर स्नायूंत, स्नायूबंधांत आणि सांध्यांत असलेल्या सूक्ष्म संवेदकांकडून येते. तिला स्थितीसंवेदना म्हणू या. पाच ज्ञानेंद्रियांच्या यादीत हिचे नाव नसते, पण हिच्यावाचून एक पाऊलही नीट पडत नाही.

स्वीडनमधील योहान्सन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक सुंदर गोष्ट दाखवली. आपण वस्तू उचलतो तेव्हा ती निसटू नये म्हणून लागतो त्यापेक्षा थोडाच जास्त जोर बोटे लावतात. वस्तू किंचित घसरू लागली, तर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात पकड आपोआप घट्ट होते. आपल्याला ते कळतही नाही. पण बोटांची टोके औषधाने बधिर केली, की हा हिशोब चुकतो. मग माणूस एक तर वस्तू फार घट्ट धरतो, नाही तर सोडून देतो.

आपल्याकडे पौष महिन्यात थंडी कडक असते. सकाळी हात गारठले, की शाळेच्या गणवेशाची गुंडी लागत नाही, हे लहान मुलांनाही माहीत आहे. थंडीने स्नायू मंदावतात हे खरे, पण बोटे बधिर होतात हेही त्याचे एक मोठे कारण आहे.

खबरीचा रस्ता तुटला तर

१८९५ साली इंग्लंडमध्ये मॉट आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी माकडांवर एक प्रयोग केला. माकडाच्या एका हाताकडून मेरुरज्जूकडे येणाऱ्या फक्त संवेदी चेता त्यांनी कापल्या. हुकूम नेणाऱ्या प्रेरक चेता शाबूत ठेवल्या. हात हलवण्याची यंत्रणा जशीच्या तशी होती. तरीही माकडाने तो हात वापरणे सोडून दिले. हात जवळजवळ लुळा पडल्यासारखा लोंबकळत राहिला. मेंदूच्या प्रेरक क्षेत्राला विद्युत्प्रवाह दिला, की मात्र तोच हात हलत असे. म्हणजे हुकमाचा रस्ता चालू होता, बंद होता तो खबरीचा. पुढे १९३२ साली शेरिंग्टन यांना चेतापेशींवरील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसातील एक प्रसिद्ध उदाहरण इयान वॉटरमन यांचे आहे. १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका तापानंतर मानेखालच्या सर्व शरीराची स्पर्शाची आणि स्थितीची जाणीव त्यांनी गमावली. स्नायू ठीक होते, वेदना आणि थंड-गरम कळत होते. पण आपले हातपाय कुठे आहेत तेच कळेना, म्हणून उभे राहणेही अशक्य झाले. अनेक महिन्यांच्या कष्टांनंतर ते डोळ्यांच्या साहाय्याने पुन्हा चालू लागले. प्रत्येक पाऊल पाहून आणि विचार करून टाकायचे. खोलीतला दिवा एकाएकी गेला, तर ते कोसळत.

आपल्या शेजारचे उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. निजामाबादजवळ डिचपल्ली येथे १९१५ साली कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय सुरू झाले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली काम सुरू केले आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून आनंदवन उभे केले. त्या काळी लोकांना वाटे, की या रोगाने बोटे आपोआप झडतात. वेल्लोरचे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की रोगामुळे चेता निकामी होतात, वेदना कळत नाही, आणि न कळलेल्या जखमा व भाजणे यांमुळे बोटे जातात. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एका लहान कुष्ठरुग्ण मुलाने किल्ली फिरवून ते सहज उघडले. नंतर पाहतात तो मुलाच्या बोटातून रक्त वाहत होते. किल्लीने मांस हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला पत्ताच नव्हता. तो मुलगा डॉक्टरांपेक्षा बलवान नव्हता. "आता पुरे" असे सांगणारी खबरच त्याच्या बोटांकडून येत नव्हती.

मेंदूतच बिघाड झाला तर

वरच्या उदाहरणांत रस्ता तुटला होता. अर्धांगवायूत किंवा डोक्याला मार लागल्यावर, खबर जेथे पोहोचते त्या मेंदूच्या भागालाच इजा होऊ शकते. त्वचा चांगली, चेता चांगल्या, पण आलेल्या खबरीचा अर्थ लावणारे कोणी नाही. तेव्हा पुढील गोष्टी दिसतात.

डोळे मिटून हात पुढे धरायला सांगितला, तर तो हळूहळू खाली किंवा बाजूला सरकतो आणि रुग्णाला ते कळत नाही. बोटे तबल्यावर फिरावीत तशी आपोआप चाळवतात. खिशातले नाणे आणि गुंडी यांतला फरक हाताने सांगता येत नाही. वस्तू गरजेपेक्षा फार घट्ट धरली जाते किंवा लक्ष दुसरीकडे जाताच गळून पडते. अक्षर बिघडते. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी माणूस तसाच चालत राहतो. उजेडात बरे चालते, अंधारात तोल जातो.

यात आणखी एक बारकावा आहे. हालचालीची सुरुवात बहुधा ठीक होते, पण ती टिकत नाही. याचे कारण असे, की जुन्या सरावाच्या कृतींचा आराखडा मेंदूत साठवलेला असतो. तो काही वेळ खबरीशिवायही चालतो. पण प्रत्येक वेळी थोडी चूक होते, ती दुरुस्त होत नाही आणि चुका साचत जातात. लंडनमध्ये १९८२ साली अभ्यासलेल्या एका रुग्णाच्या हातांची जाणीव चेतांच्या आजाराने गेली होती. ते आपली जुनी मोटार चालवू शकत होते, पण नवी मोटार घेतल्यावर ती चालवायला शिकणे त्यांना जमले नाही. जुना सराव टिकला, नवे शिकणे अडले. कारण नवे शिकताना चूक कळावी लागते.

संवेदी पट्ट्याच्या मागचा भाग डोळ्यांची खबर आणि अंगाची खबर एकत्र जुळवतो. १९०९ साली बुडापेस्टचे डॉ. बालिंट यांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन केले. त्याला दिसत होते, हातात शक्ती होती, पण उजवा हात नेमका वस्तूवर जात नसे. सिगारेट पेटवताना तो टोकाऐवजी मध्येच काडी लावी. डावा हात मात्र चांगला चाले. मेंदूच्या उजव्या बाजूच्या याच भागाला इजा झाली, तर काही रुग्ण डावीकडच्या जगाकडे लक्षच देत नाहीत. ताटाच्या उजवीकडचे खातात, डावीकडची भाजी तशीच राहते. हा हट्ट नव्हे, हा आजाराचा भाग आहे.

पुष्कळ रुग्णांत प्रेरक आणि संवेदी अशा दोन्ही भागांना थोडी थोडी इजा असते. म्हणून कोणत्या रुग्णात काय बिघडले ते डॉक्टरांनीच तपासून ठरवावे लागते.

हात पुन्हा कामाला लावणे

शेरिंग्टन यांच्या माकडांची गोष्ट तेथेच संपली नाही. पुढे अमेरिकेत एडवर्ड टाउब आणि इतरांनी पाहिले, की माकडाचा चांगला हात बांधून ठेवला, तर ते जाणीव गेलेला हात वापरू लागते. म्हणजे तो हात अगदीच निकामी नव्हता. सुरुवातीला वापरून जमले नाही, म्हणून माकड तो न वापरण्याचीच सवय शिकले होते. या विचारातून माणसांसाठी उपचार तयार झाला. चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास सराव करून घ्यायचा. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले, त्यात या उपचाराने हाताचा वापर सुधारल्याचे दिसले. हा उपचार सर्वांना लागू पडत नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी हलत असावी लागतात, आणि तोल जाण्याचा धोका असेल तर तो घरच्या घरी करू नये. पण त्याने शिकवलेली गोष्ट मोलाची आहे : न वापरलेला हात आणखी मागे पडतो.

फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घरी करण्यासारखा एक सराव सोपा आहे. परातीत ज्वारी किंवा तांदूळ घ्यावेत. त्यात नाणे, गोटी, मोठी गुंडी, चमचा लपवावा. रुग्णाने आधी डोळे मिटून, मग उघडून, दुबळ्या हाताने वस्तू शोधावी आणि ओळखावी. गोणपाट, सुती कापड, रेशीम यांवरून हात फिरवून फरक सांगावा. रोज थोडा वेळ, न कंटाळता. सर्वांची जाणीव पूर्ण परत येत नाही, पण पुष्कळांना कामापुरता फरक पडतो, आणि सुधारणा अनेक महिने चालू राहू शकते. नातवंडांनी आजोबांबरोबर हा खेळ खेळायला काय हरकत आहे?

सुरक्षिततेकडेही लक्ष हवे. आंघोळीच्या पाण्याचा गरमपणा चांगल्या हाताने पाहावा. चूल, विळी, विळा यांच्याजवळ दुबळा हात नजरेसमोर असावा. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असावा. घट्ट बसणारी, मागे पट्टा असलेली चप्पल द्यावी. काम करताना रुग्णाशी बोलून त्याचे लक्ष विचलित करू नये, कारण त्याचे डोळे आता बोटांचेही काम करीत असतात.

मुलांनो, करून पाहा

१) डोळे मिटा. दोन्ही हात पसरा आणि दोन्ही तर्जनींची टोके समोर जुळवा. डोळ्यांशिवाय हे कसे जमले?
२) डोळे मिटून बसा. मित्राने तुमचे एक बोट दोन्ही बाजूंनी हलके धरून वर किंवा खाली करावे. दिशा ओळखा.
३) खिशात एक, दोन आणि पाच रुपयांची नाणी ठेवा. न पाहता मागितलेले नाणे काढा.
४) आता हातात जाड लोकरीचा मोजा घालून तेच करा. सरकीचे दाणेही एकेक उचलून पाहा. जोर तितकाच आहे, मग काय कमी झाले?
५) आत काय आहे ते दिसणार नाही असा झाकणाचा डबा मित्राला द्या. तो भरलेला आहे असे सांगा, पण रिकामा ठेवा. उचलताना हात एकदम वर जाईल. यावरून मेंदू आधी अंदाज करतो आणि मग खबर पाहून दुरुस्ती करतो हे लक्षात येईल.

बधिरपणा हाही इशारा

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. हात लुळा पडला तर लोक धावतात, पण एका बाजूचा हात, पाय किंवा चेहरा एकाएकी बधिर झाला, तर "हात अंगाखाली आला असेल" म्हणून झोपून राहतात. अचानक आलेला एका बाजूचा बधिरपणा, तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, ही सर्व अर्धांगवायूची लक्षणे असू शकतात. ती काही मिनिटांत आपोआप गेली तरीही रुग्णालय गाठावे. गुठळीमुळे मेंदूचा रक्तपुरवठा अडला असेल, तर गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी मेंदूचे सीटी स्कॅन करावे लागते. म्हणून लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा आणि जेथे सीटी स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात न्या. मालीश, झाडपाला किंवा "सकाळी पाहू" यात वेळ घालवू नका. पेनगंगेच्या काठच्या गावांना रुग्णालय दूर पडते, म्हणून तर तेथे प्रत्येक मिनिट अधिक मोलाचे आहे.

त्याआधीची काळजीही आपल्याच हाती आहे. रक्तदाब आणि साखर वेळोवेळी तपासणे, सुरू केलेली गोळी मनाने बंद न करणे, तंबाखू, खर्रा, बिडी आणि दारू यांपासून दूर राहणे, एवढे केले तरी धोका बराच कमी होतो.

आणि घरात असा कोणी आजारी असेल, तर एवढे लक्षात ठेवू या. त्याच्या हातून पेला पडला, तर तो निष्काळजीपणा नव्हे. त्याच्या हाताचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही आणि मूठ दाबून पाहिल्यानेही कळत नाही. त्याला बोल लावण्याऐवजी दिवा लावा, जवळ बसा आणि परातीतली गोटी शोधायला मदत करा.